डाव्या खांद्याची बाही

आमच्या अंगणातल्या दोरीवर एक बाही वाळत असते. सदरा नाही, झंपर नाही, नुसती बाही. मनगटापासून खांद्यापर्यंतची, खांद्यावर टोपीसारखी बसणारी, आणि वरून एक पट्टा, तो छातीवरून पलीकडच्या काखेत जातो. तिचा रंग म्हणे कातडीचा. ज्या कातडीचा तो रंग आहे तसा माणूस आमच्या जळगाव जामोदात मी अजून पाहिला नाही. शेजारची नवी सून एकदा भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काकू, हे काय वाळू घातलं? एका पायाची चड्डी दिसते."

"माझी आहे," मी म्हटलं.

"आन् दुसरा पाय?"

"दुसरा हात धडधाकट आहे. त्याले कपडे लागत नाईत."

हसावं की न हसावं या विचारात ती भिंतीमागे बुडाली. तिला तेव्हा नीट सांगितलं नाही, ते इथं सांगते.

दोन वर्षांपूर्वीची थंडी. सकाळी मी चहा गाळत होते. डाव्या हातात गाळणी होती, ती सुटून कपात पडली. मी आधी गाळणीला रागावले, मग हाताला. हात काही ऐकेना. थोड्या वेळानं जीभही ऐकेना, तेव्हा रागावणंही बंद पडलं. मुलानं गाडी काढली, अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. लकवा. डावी बाजू गेली.

घरी परत आले तेव्हा जीभ आधीच ताळ्यावर आली होती, आणि त्याचं आमच्या घरात कुणालाच नवल वाटलं नाही. पायही काठीच्या आधारानं ओढत का होईना चालू लागला. हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला, वेलावर विसरलेल्या दोडक्यासारखा. बसले की मांडीवर ठेवावा लागे, उठले की तो मागे राही. एकदा तर मी त्याच्यावरच बसले आणि दोन मिनिटं शोधत राहिले की आपल्याखाली हे काय आहे.

सगळे म्हणत, जीव वाचला हे काय कमी आहे. मीही मान हलवायचे. पण मनातली गोष्ट वेगळी होती. मला पुन्हा मांडे करायचे होते.

मांडे म्हणजे नुसती मोठी पुरणपोळी नव्हे. कणीक वस्त्रगाळ, भिजवून आपटून आपटून रबरासारखी झालेली. पुरणाचा उंडा भरायचा, तळहातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर टाकत, कोपरापर्यंत झुलवत वाढवत न्यायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. शेवटी तो उपरण्याएवढा होतो आणि दोन्ही हात वर उचलून चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायचा. लोक म्हणतात मांडा हातांवर होतो. खोटं आहे. मांडा खांद्यावर होतो. हात नुसते ताटासारखे धरायचे असतात, झुलवतो तो खांदा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या पानावर आमच्याकडे मांडा लागतोच, आणि आमच्या गल्लीत तो करणारी मी. सुनेला पीठ भिजवता येतं, पुरण वाटता येतं, पण हातावर घेतला की तिचा मांडा पोळीएवढ्यावरच थांबतो. चाळीसेक वर्षं आखाजीला बायका आमच्या अंगणात येतात, माझ्या चुलीपुढं बसतात, आणि मी करते. करत होते.

आता माझा तोरा किती जुना आहे तेही सांगते. मी सोनाळ्याची. जळगावला दिलं तेव्हा मला वाटलं, आपण तालुक्याच्या गावी चाललो म्हणजे जवळपास विलायतेलाच चाललो. तेव्हा घट्ट बाह्यांच्या झंपराची हवा होती. मी शिवणाऱ्या चाचांना सांगितलं, बाही अशी पाहिजे की चिमटा घेता येऊ नये. चाचा चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "बेटी, हात हिलाना है के खाली दिखाना है?" मी ऐटीत म्हटलं, दोन्ही. सासरच्या पहिल्या आखाजीला तेच झंपर घालून चुलीपुढं बसले. माहेरी शिकलेला मांडा, गल्लीतल्या सगळ्या बायका समोर, सासूबाई अगदी डोळ्यात तेल घालून. मांडा छान वाढला. तो खापरावर टाकायला दोन्ही हात वर केले आणि काखेत टर्रकन आवाज झाला. हात अर्ध्यातच अडकले, मांडा माझ्याच डोक्यावर आला. पुरणाची टोपी घालून बसलेली ती सोनाळ्याची शहाणी मला आजही दिसते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोरी, उद्यापासून सैल बाहीचं घाल."

ती पोर घट्ट बाहीपायी खांदा अडकवून बसली होती. आणि मी म्हातारपणी घट्ट बाहीच्याच भरवशावर खांदा सोडवायला निघाले. पण आधी खांद्याचं काय झालं ते.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणं म्हणजे हात लावून पाहणं. नुसतं "कसं आहे" विचारून कुणाचं समाधान होत नाही. जो येई तो माझा डावा हात उचलून बघे, थोडा ओढून बघे, सोडून बघे आणि म्हणे, "अजून जीव नाही आला." कुणी कबुतराच्या रक्तानं चोळायला सांगे, कुणी मोहरीच्या तेलानं. मुलगाही मला उठवताना प्रेमानं दोन्ही काखेत हात घालून वर खेचायचा. महिनाभरात खांदा असा दुखायला लागला की कूस बदलता येईना. हात सुजला. आणि खांद्याच्या टोकाखाली एक खड्डा दिसायला लागला. मी आरशात पाहिलं तर डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, आणि मध्ये बोट मावेल अशी फट.

मग मुलानं व्यायाम शिकवणारी मुलगी लावली. बुलढाण्याची, आमच्याच गावात दवाखान्यात काम करणारी. मंगळवारी आणि शुक्रवारी घरी येई. पहिल्या दिवशी तिनं फटीत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "हा हात कोण ओढतं?"

"अख्खं गाव," मी म्हटलं.

तिनं स्वयंपाकघरातून पळी मागवली आणि त्यात लिंबू ठेवलं. "आजी, खांद्याचा सांधा असा आहे. पळी उथळ, लिंबू मोठं. चहूबाजूंनी स्नायू त्याला धरून ठेवतात. तुमचे ते झोपलेत, आणि हाताचं सगळं वजन लिंबाला खाली ओढतंय. त्यात लोक ओढतात."

"लिंबू पडलं तर?"

"पडणार नाही. लोंबत राहील, दुखेल. दुखलं की तुम्ही हलवणार नाही, हलवलं नाही की आखडेल."

"आखडला तर मांडे?"

मांडे कुठून आले हे तिला कळलं नाही. सुनेनं समजावून सांगितल्यावर ती जरा विचार करून म्हणाली, "आखडला तर मांडे विसरा, आजी. मी खोटं सांगत नाही."

मला ती तिथंच आवडली. बाकी सगळे मला गोड बोलून मारत होते.

तिनं दारावर सुनेच्या हातानं एक पाटी लावून घेतली, हात ओढू नये अशी. बसताना कोपराखाली उशी ठेवायला सांगितली. मुलाला उठवायची रीत शिकवली, कमरेला धरून. आणि मग तिनं गळ्यातली मापाची पट्टी काढून माझा हात मोजला. मनगट, कोपर, दंड, खांदा. पुढच्या खेपेला ती बाही घेऊन आली. पोहण्याच्या कपड्यांसारखं ताणणारं कापड, पण दमदार. म्हणाली, "ही हात बरा करत नाही. आधीच सांगते. ही हाताला वर धरून ठेवते, सूज उतरायला मदत करते, आणि मेंदूला सारखं सांगत राहते की हात इथं आहे. कुणाला बरा गुण येतो, कुणाला फारसा येत नाही. घालून पाहू. दुखणं कमी झालं तर व्यायाम करता येईल. खरं काम व्यायामाचंच."

सून बाही गुंडाळून घालायला लागली, मोज्यासारखी. मनगटाशी आली आणि थांबली. माझ्या डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या.

"ह्या काढाव्या लागतील," ती मुलगी म्हणाली.

मग कोपऱ्यात बसलेली माझी मोठी जाऊ म्हणाली, "कोरा हात करत असतेत का, बाई? तिचा मालक ओट्यावर बसेल हाये."

जाऊबाईंविषयी थोडं सांगायला हवं. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून त्या आमच्यातच राहतात, आणि तेव्हापासून त्यांचे दोन्ही हात कोरे आहेत. त्यामुळे बांगडी या विषयात घरात शेवटचा शब्द त्यांचा. आम्ही दोघी एकमेकींशी भांडतो, पण दुसऱ्या कुणाशी भांडायचं असलं की एक होतो.

आता माझी शोभा ऐका. मी तालुक्याच्या महिला मंडळात एके काळी भाषण ठोकलेली बाई. रूढी कशा टाकाव्यात यावर. समोरच्या बायकांना म्हटलं होतं, नवऱ्याचं आयुष्य काचेत नसतं. टाळ्याही मिळाल्या होत्या. आणि त्या दिवशी तीच बाई बोलायच्या ऐवजी खाली मान घालून बसली. मला खरंच भीती वाटली. एक झटका येऊन गेला होता, त्यात आपण होऊन मनगट कोरं करायचं. माझा नवरा जिवंत आहे की नाही हे माझ्या मनगटावरून ठरत होतं, त्यांच्या घोरण्यावरून नाही.

पण ती मुलगी समोर उभी होती. म्हणून सुनेनं साबणाच्या पाण्यानं बांगड्या काढल्या आणि बाही चढवली. मुलगी गेली. सून तिच्या शाळेत गेली. ती मास्तरीण आहे. घरात आम्ही दोघी.

जाऊबाई म्हणाल्या, "दोन तरी राहू दे व."

"बाही चढत नाही म्हणे."

"मी चढवतो. माझ्या हातानं चढते का नाही पाह्यजो."

त्यांनी चढवली. दोन बारीक बांगड्या मनगटावर, वरून ती घट्ट बाही. बांगड्यांची कड कापडातून थोडी दिसायची, ती आम्ही पदरानं झाकायचो. मग रोजचं ठरलं. सून घाईत असते, म्हणून बाही घालायचं काम जाऊबाईंनी आपल्याकडे घेतलं. सुनेला वाटलं, बाई किती मायाळू. मंगळवार आणि शुक्रवार आला की आधी बांगड्या बाहेर, बाकीचे दिवस आत. शाळेतल्या पोरींनी चिंचा लपवाव्यात तशा दोन म्हाताऱ्या बांगड्या लपवत होत्या. मला मजा यायची, हे लपवून काय करू.

थोड्या दिवसांत बोटं रताळ्यांसारखी दिसायला लागली. सूज उतरायची सोडून चढली. खांदा होता तसाच, फट तशीच. मला व्यायाम नको वाटायला लागला. मी शुक्रवारी त्या मुलीला म्हटलं, "तुझी बाही काही कामाची नाही, पोरी."

तिनं बोटं दाबून पाहिली. पुन्हा मोजलं. बाहीच्या शिवणी तपासल्या. "माप तर बरोबर आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "काऊन सुजून राह्यलं मग?" शुद्ध बोलणारी पोर, काळजीत पडली की तिच्या तोंडून असं घरचं बोलणं निघायचं. जाताना म्हणाली, "आठवडाभर पाहू. असंच राहिलं तर बाही बंद करावी लागेल. तुम्हाला ती मानवत नसेल. पण मग खांद्याला दुसरं काय धरणार, ते मलाही सांगता येत नाही."

ती गेल्यावर मी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाई भिंतीकडे पाहत होत्या. दोघींनाही कळलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी बांगड्या पुन्हा आत गेल्या. सवाष्णपणात आणि खांद्यात निवड करायची वेळ आली तर कुणीतरी दुसऱ्यानं करावी, असं मला वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात तिला कुठल्याशा लग्नाला जायचं होतं, म्हणून शुक्रवारची खेप ती गुरुवारीच द्यायला आली, आणि न सांगता आली. मी पदर सावरेपर्यंत तिनं बाही खाली गुंडाळायला घेतली होती. मनगटाशी तिचा हात थांबला. दोन हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या, वरचं मनगट आणि खालचा पंजा दोन वेगळ्या बायकांचे असावेत असे. एक बांगडी तडकलेली होती.

ती रागावली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. "दुखलं नाही तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. खरंच कळलं नव्हतं.

"तेच तर. या हातात तुम्हाला नीट कळत नाही. ही आत फुटली असती, वरून बाही दाबते आहे, काच घुसली असती तरी तुम्हाला पत्ता लागला नसता."

मी काही बोलायच्या आत जाऊबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून उठल्या, मोरीतून साबण आणि तांब्या घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. त्या मुलीला म्हणाल्या, "तू सरक, बाई. मी घातल्या, मी काढतो."

"फुटेल आजी, जपून."

"मी फोडत नसतो," जाऊबाई म्हणाल्या. "माह्या फोडल्या होत्या लोकाईनं. दगडावर. मी काढतो म्हटलं तं कोणी ऐकलं नाही."

इतक्या वर्षांत त्या दिवसाविषयी त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी तेव्हा त्याच घरात होते, स्वयंपाकघरात, आलेल्या बायकांना पाणी देत. साबणाचा फेस करून, बोटं एकमेकांवर दाबत त्यांनी आधी चांगली बांगडी काढली, मग तडकलेली. एवढ्या हळू, की मला वाटलं आता संध्याकाळ होईल. दोन्ही अखंड निघाल्या. त्या त्यांनी पुसून माझ्या उजव्या हातात चढवल्या. तडकलेलीसुद्धा. मग म्हणाल्या, "आता याच्यात काय कोरं आहे? एक हात भरेल आहे, एक कामावर आहे."

एवढ्यात ओट्यावरून आमच्या मालकांचा आवाज आला. ते पेपर वाचतात असं आम्हाला वाटतं, पण ते ऐकतात. "म्हंजे मी जिवंत आहे हे तुमी बाहीच्या आत लपवून ठेवलं होतं म्हणा."

"तुमी पेपर वाचा," मी म्हटलं.

"मले विचारलं असतं तं मी स्वतः येऊन सांगतलं असतं."

त्या मुलीला हसू आवरेना. तिनं मला दोन दिवस बाही घालू दिली नाही, कातडी बरी होईपर्यंत. आणि मग पुन्हा सुरू केली, रोज, नेमानं, मनगट कोरं ठेवून.

आता बाहीनं काय होतं ते माझ्या शब्दात सांगते. दवाखान्याच्या शब्दात ती मुलगी सांगेल. बाही नसताना डावा हात म्हणजे कुणीतरी माझ्या गळ्यात अडकवलेली भरलेली पिशवी. वजन कळायचं, हात कळायचा नाही. बाही चढली, पट्टा छातीवरून ओढून लावला, की पिशवी वर उचलल्यासारखी व्हायची. खांद्याची दुखरी जागा मोकळी व्हायची. आणि दंडाला, कोपराला, मनगटाला सगळीकडून कुणीतरी सारखं धरून आहे असं वाटायचं. डोळे मिटले तरी हात कुठं आहे हे अंदाजानं सांगता यायला लागलं. आधी मी उशीवर ठेवलेला हात पाहून दचकायचे, की हा कुणाचा. सूजही उतरली. बोटांच्या सुरकुत्या परत आल्या, आणि सुरकुत्या दिसल्यावर कुणी बाई एवढी खूश झालेली मी पाहिली नाही.

पण जादू नाही. बाही काढली की पहिल्या महिन्यांत फट पुन्हा दिसायची. मी रुसायचे. ती मुलगी म्हणायची, "काठी काढल्यावर वेल पडतो म्हणून काठी वाईट का? वेलाला जोर आला पाहिजे." जोर आणायचं काम फार कंटाळवाणं होतं. टेबलावर पंचा ठेवून दोन्ही हातांनी पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. आडवं पडून उजव्या हातात डावा धरून छताकडे न्यायचा. भिंतीवर बोटांनी चढायचं. दुखणं कमी झाल्यामुळे हे सगळं करता येई, हाच बाहीचा खरा उपकार. बाकी सगळी हमाली माझी. उन्हाळ्यात बाहीच्या आत घामोळं यायचं. मला कूलरपुढं फक्त डावा हात धरून बसलेली पाहून आमचे मालक म्हणायचे, "एका हाताले हवा, बाकीच्याईनं काय पाप केलं?"

दुखण्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मी खुर्चीवर बसून नुसते हुकूम सोडले. सुनेनं पोळीएवढे मांडे केले, पितरांनी काही तक्रार केली नाही. मी केली.

वर्षभरात फट भरत आली. बोट घातलं तर अर्धं नखही जाईना. तो हात बाहीशिवाय टेबलावरून तोंडाजवळ यायला लागला, केसांपर्यंत मात्र नाही. यंदा आखाजी जवळ आली तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आता दिवसभर घालायची गरज नाही. लांब चालायचं असेल, बाहेर जायचं असेल, तेव्हा घाला."

"मांडे करताना घालू ना?"

"चुलीपुढं? अजिबात नाही. हे कापड आगीजवळ वितळतं. अंगाला चिकटेल."

म्हणजे ज्या एका कामासाठी मी हे सगळं केलं, ते बाहीशिवायच करायचं होतं. खांदा जे काही शिकला असेल ते त्याचं त्यालाच दाखवायचं होतं. मी विचारलं, "जमेल?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "करून पाहा. दुखलं की थांबा. हट्ट करू नका."

हट्ट करू नका हे वाक्य मला लहानपणापासून सगळ्यांनी ऐकवलंय, आणि तोवर त्याचा कधी उपयोग झाला नव्हता.

आखाजीला सकाळीच चूल पेटली. बायका आल्या. कुणी पाहतच नाही असं दाखवत सगळ्या पाहत होत्या. सैल बाहीचं झंपर, डावं मनगट कोरं, उजव्यात सगळ्या बांगड्या. मी पाटावर बसू शकत नाही, म्हणून चुलीशेजारी स्टूल ठेवलं होतं. सुनेनं उंडा भरून माझ्या तळहातावर ठेवला. जाऊबाई माझ्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. धरायला नाही, नुसत्या.

उजव्या हातावरून डाव्यावर टाकला. डाव्यानं झेलला. परत उजव्यावर. कणीक वाढायला लागली. मला तो जुना ताल सापडत होता, पण एका बाजूनं लंगडा. उजवा खांदा झुलवत होता, डावा कसाबसा समोर धरून होता, छातीच्या उंचीपर्यंत. मांडा भाकरीएवढा झाला, ताटाएवढा झाला. मग डावीकडे खांद्याच्या आत काहीतरी खाली जायला लागल्याचं कळलं. दुखलं नाही. पण कळलं. बांगड्या रुतल्या तरी ज्या हातात कळलं नव्हतं, त्यातच.

अजून वाढवता आला असता. चार झोके दिले असते तर उपरण्याएवढा झाला असता, किंवा चुलीत गेला असता. ती काखेत शिवण उसवून बसलेली पोर असती तर तिनं दिले असते. मी तसाच उचलला आणि खापरावर टाकला. गोल पडला नाही, एका अंगाला लांबट, मध्ये एक भोक. पण खापरावर पडला.

जाऊबाई म्हणाल्या, "पितराईले गोल लागते असं कोठं लिहेल आहे."

सुनेनं दुसरा उंडा पुढे केला. मी मान हलवली. "तू कर," मी म्हटलं. "मी इकडून सांगतो." आणि सांगितलं. कोपर कुठं न्यायचं, कणीक कुठं सोडायची, घाबरून हात आखडता घेऊ नको, खांद्यातून झुलव. तिचा तिसरा मांडा ताटापेक्षा मोठा झाला. चौथा तिनं जमिनीवर टाकला. पाचवा खापराच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबला, आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

पानावर माझा तो भोकाचा मांडा वाढला की सुनेचा, यावर जरा चर्चा झाली. दोन्ही वाढले.

शुक्रवारी ती मुलगी आली. आल्या आल्या खांद्याच्या टोकाखाली बोट दाबून पाहिलं, मग हात बाजूला नेऊन पाहिला. "थोडा थकलाय. बाकी जागेवर आहे. किती केले?"

"एक."

"एकच?" तिला खरं वाटेना.

"दुसऱ्याच्या वेळी खांदा नको म्हणाला. मी ऐकलं."

ओट्यावर पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. "कोणाचं ऐकलं म्हणे तिनं?" आमच्या मालकांनी जाऊबाईंना विचारलं.

"खांद्याचं," जाऊबाई म्हणाल्या.

"मी पन्नास वर्षं बोलून राह्यलो," ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर गेला.

त्या मुलीनं हसत हसत आठवडाभर पुन्हा दिवसा बाही घालायला सांगितलं, खांद्याला विसावा म्हणून. जाऊबाईंनी दोरीवरून ती आणली, आणि मी हात पुढे केला.